धोंडूमामांचा कावळा

काळाचौकीच्या बसस्टॉपवर ॲडव्होकेट नम्रता साळसकर रांगेत उभी होती. एका कंपनीच्या शेअरमध्ये फसलेल्या शेकडो लोकांची केस ती आज सोडायला निघाली होती. त्या कंपनीच्या वकिलांनीच तिला बोलावलं होतं. पुढे दोघी बायका बोलत होत्या.

“धोंडूमामांचं दहावं झालं का गो?”

“झालं. पण कावळा काही केल्या शिवेना.”

“काही बोललात की नाही?”

“सगळं बोललो. नातीचं लगीन करू, गावचं घर सांभाळू. ढिम्म! शेवटी मयूर म्हणाला, आजोबा, तुमची शेअरची केस साळसकर वकीलबाई सोडणार नाहीत.”

“मग?”

“बोलायचा अवकाश, झडपच घातली.”

“अगो बाई! त्या बाईंना ठाऊक आहे?”

“त्यांना पाहिलंय कोणी? केसमध्ये आम्ही एवढे जण. नाव तेवढं माहीत.”

“चला, सुटला म्हातारा.”

“सुटला कुठला? तोच लंगडा कावळा रोज आमच्या खिडकीत येऊन बसतो. आज मात्र सकाळपासून दिसला नाही.”

“गेला कुठे मग?”

बस आली. दोघी चढल्या. नम्रता तिथेच राहिली.

स्टॉपच्या पत्र्यावर एक पाय टेकत, एक ओढत काहीतरी चालत आलं आणि बरोबर तिच्या डोक्यावर थांबलं.