चौथ्यांदा त्याच चौकात

वहिनी : भावजी, हा कारंज्याचा चौक आपण आता चौथ्यांदा बघतोय. काल तीनदा झाला, आज सकाळी पुन्हा. आणि कारंजं तर बंदच आहे.

खटपट्या : पुलाकडे जायला इथूनच जवळ पडतं, वहिनी.

मास्तर : पूल त्या बाजूला आहे. काल तूच दाखवलास. अरे, मी भूगोल शिकवतो, निदान मला तरी दिशांच्या बाबतीत गुंडाळू नकोस.

खटपट्या : पंधरा वर्षं राहतोय मी या शहरात.

मास्तर : राहतोस, पण दाखवतोस काय? आम्ही दोघं एवढा प्रवास करून दोन दिवसांसाठी आलो. संग्रहालय तू पंधरा मिनिटांत उरकलंस. नदीकाठी टेकूसुद्धा दिलं नाहीस. आणि इथल्या चहाच्या दुकानात मात्र काल दुपारी दोन तास ठाण मांडलंस, तेही एका कपावर.

वहिनी : आणि तोंड सगळा वेळ त्या समोरच्या पिवळ्या इमारतीकडे. मी काल यांना म्हटलंसुद्धा, भावजींचं कुणीतरी राहतंय तिथे, उद्या ओळख करून देतील. म्हणून आज जरा बरे कपडे घातले. हे बघा, सुट्टीतसुद्धा खिशाला पेन लावून निघाले. ते काढा म्हटलं तर ऐकत नाहीत.

खटपट्या : माझं कुणी नाही तिथे. तिथली लिफ्ट दुरुस्तीला माझ्याकडे आहे, एवढंच.

वहिनी : मग कालपासून तुम्ही आम्हाला पाच लिफ्ट दाखवल्यात. ही जुनी पण गुणी, ती नवी पण रडकी. हिचं नावच काढलं नाहीत ते?

खटपट्या : एक मिनिट थांबा. पिशवीवाल्या बाई आत शिरल्या.

मास्तर : शिरू दे की. त्यांचं घर आहे.

खटपट्या : चौथ्या मजल्याच्या व्हरांड्यात दिसतील आता. दिसायला हव्यात. दिसल्या. ठीक आहे.

मास्तर : खटपट्या, इकडे बघ. शाळेत काच फुटली की तुझा चेहरा असाच व्हायचा, आणि शेजारी बसतो म्हणून मार मला बसायचा. काय फोडलंयस?

खटपट्या : अजून काही नाही. बहुतेक.

वहिनी : बसा इथे कट्ट्यावर. आणि नीट सांगा.

खटपट्या : जुन्या पद्धतीची लिफ्ट आहे. जाळीचं दार हाताने ओढायचं. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही, अशी सोय असते. दुरुस्तीच्या वेळी आम्ही ती सोय एका तारेने तात्पुरती बंद करतो, म्हणजे दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून बघता येते. काम झालं की तार काढायची. शुक्रवारी मी काम संपवलं, वहीत सही केली आणि तुम्हाला घ्यायला पळालो. तार काढली का, ते आठवत नाही.

मास्तर : नसेल काढली तर?

खटपट्या : तर लिफ्टला वाटतं दार बंदच आहे. तुम्ही आत पाय टाकत असताना वरून कुणी बटण दाबलं, तरी निघते. निघून गेली की मागे दार उघडंच. पुढचा माणूस बोलत बोलत येतो आणि न बघता पाऊल टाकतो.

वहिनी : शुक्रवारी मीच तुम्हाला तीन फोन केले. कुठे आहात, किती वेळ लागेल म्हणून.

खटपट्या : फोन सगळ्यांनाच येतात, वहिनी. त्यात तुमचं काय चुकलं?

मास्तर : पण राहिलीच असेल असं कशावरून?

खटपट्या : माझ्याकडे लाल तारा दोन असतात. काल सकाळी पिशवी उघडली तर एकच. कपड्यांचे खिसे उलटे केले, पलंगाखाली बघितलं. मग स्वतःला सांगितलं, पडली असेल रस्त्यात. आणि तुम्हाला फिरवायला बाहेर काढलं.

वहिनी : तेव्हाच इथे येऊन का नाही बघितलंत?

खटपट्या : यंदा एक ताकीदपत्र मिळालंय. दुसरं मिळालं की परवाना जातो. सुट्टीच्या दिवशी लिफ्ट बंद केली की रहिवासी ऑफिसला फोन करतात, ऑफिस मला विचारतं का बंद केली. सोमवारी सकाळी गुपचूप येईन, बघून घेईन, असा हिशोब होता. तोवर नजर ठेवायची.

वहिनी : बंद कशी करतात ती?

खटपट्या : किल्लीने. ती फिरवायची खाच तळमजल्यावरच आहे, दाराशेजारी.

वहिनी : आणि किल्ली कुठे असते?

खटपट्या : खिशात.

वहिनी : काल होती खिशात?

खटपट्या : होती.

वहिनी : म्हणजे तुम्ही आम्हाला नदी दाखवत होतात, ती कुठून येते, पूल किती जुना ते सांगत होतात, आणि किल्ली खिशात होती.

खटपट्या : मला भीती वाटत होती, वहिनी. बघितलं तर कळेल, याची.

वहिनी : उठा. आधी किल्ली फिरवा. बाकीचं मग बोलू.

(तिघे रस्ता ओलांडतात. लिफ्ट बंद होते. गुडघ्यांमुळे वहिनी खालीच दाराशी थांबते. दोघे जिन्याने आठव्या मजल्यावरच्या यंत्रखोलीत पोचतात.)

मास्तर : थांब, श्वास घेऊ दे. काय आहे?

खटपट्या : हे बघ.

मास्तर : ही लाल?

खटपट्या : जशी लावली होती तशीच.





मास्तर : काढ ती. निघाली? झालं तर मग. चल, लिफ्ट चालू कर. आमची दोनची गाडी आहे, सामान अजून तुझ्या खोलीवर आहे.

खटपट्या : आणि ऑफिसला काय सांगू?

मास्तर : काय सांगायचंय? कुणाला काही झालं नाही. तार तुझ्या पिशवीत गेली. एवढ्याशा तारेपायी पंधरा वर्षांवर पाणी सोडणार आहेस का? मी बोलणार नाही. तिलाही सांगून ठेवतो.

खटपट्या : वर्गात मुलांना असंच सांगतोस?

मास्तर : वर्गात तू नसतोस.

खटपट्या : बरं वाटलं रे. खरंच बरं वाटलं. चल, उतरू.

वहिनी : आलात? भावजी, या आजी. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. बाहेरून आल्या, मी म्हटलं लिफ्ट बंद आहे, तर म्हणाल्या बरंच झालं.

मास्तर : झालं काम. आता सुरू होईल लिफ्ट, आजी. निघू या आपण.

वहिनी : जरा थांबा हो. आजी, मला सांगितलंत ते यांना सांगा.

आजी : अगं, त्यांना कशाला त्यात? काही नाही, काल मी लिफ्टमध्ये एक पाय टाकला आणि पायाखालची जमीन वर निघाली. जाळीला धरलं, मागे रेटलं स्वतःला, म्हणून सावरले. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, दार उघडं असताना लिफ्ट हलूच शकत नाही, तुला चक्कर आली.

खटपट्या : किती वाजता, आजी?

आजी : चार-सव्वाचार.

खटपट्या : तेव्हा मी समोरच बसलो होतो. इकडेच बघत होतो.

आजी : त्याचंही बरोबर आहे म्हणा. ऐंशी पूर्ण झाली. येत्या शनिवारी येऊन घेऊन जाणार आहे मला, घर बंद करून. रात्रभर विचार केला. जमीन हललेली मला स्पष्ट कळली होती. पण हललीच नसेल, तर मग डोक्याचा काय भरवसा?

मास्तर : खटपट्या, गाडी चुकेल.

खटपट्या : आजी, तुम्हाला चक्कर आली नव्हती.

आजी : नव्हती?

खटपट्या : लिफ्टच निघाली होती. ही तार आत राहिली होती म्हणून. शुक्रवारी मी दुरुस्ती केली आणि काढायला विसरलो. तुम्हाला कळलं ते बरोबर कळलं.

आजी : म्हणजे मी ठीक आहे?

खटपट्या : तुम्ही ठीक आहात. मी चुकलो. फोन लावा मुलाला, मी बोलतो.

आजी : फोनवर नको. तो म्हणेल, आईने कुणाला तरी बोलायला लावलं. कागदावर लिहून द्याल? खाली तुमचं नाव, कुठे काम करता तेही घाला. नाहीतर त्याला पटायचं नाही.

वहिनी : हा घ्या, माझ्या पर्समध्ये कागद आहे.

मास्तर : तो कागद कुठवर जाईल, ठाऊक आहे ना तुला?

खटपट्या : आहे. पेन दे.