चोरीच्या पत्रिकेतले मामा

तर मंडळी, ऐका. निरूपण झालं, आता थोडी गंमत. पण गमतीआधी एक प्रश्न टाकतो — चोराच्या हातून, चोरी करता करता, एखादं पुण्य घडू शकतं का? पुढच्या रांगेतले काका मान हलवतायत, नाही म्हणून. मागची रांग मात्र गप्प आहे. मागची रांग अनुभवी दिसते!

फलटणला वसंत करपे नावाचे एक गृहस्थ. धंदा काय? कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणं. ताई, तो मोबाईल पर्समध्ये ठेवा, त्यातले नव्हेत — टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर, छापखान्यात असतो तो. वसंतानं दोन वर्षं खपून एक प्रोग्राम केला, 'शुभमंगल'. काम कोणतं? लग्नपत्रिका जुळवायची. हसताय? पत्रिका जुळवणं म्हणजे काय खायचं काम आहे? थोरल्या काकांच्या आधी धाकट्यांचं नाव छापा — थोरले काका अक्षता टाकतात आणि न जेवता घरी जातात! शुभमंगलला हे सगळं कळायचं. नाव घाला, नातं घाला, वय घाला — निमंत्रक क्रमानं, व्यवस्थापक क्रमानं, खाली 'किलबिल'मध्ये पोरांची नावं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' सकट.

आता मला सांगा, माल चांगला निघाला की काय होतं? खपतो? अहो कसला खपतोय — चोरीला जातो! एका छापखान्यानं सीडी विकत घेतली. दुसऱ्यानं ती त्याच्याकडून 'जरा बघायला' नेली. बघायला नेलेली वस्तू परत आलेली तुम्ही पाहिलीय? पाच तालुके तीच एक सीडी बघत होते.

वसंत चिडला. पण जात्याच खोडकर. त्यानं पुढच्या सीडीत एक पाचर मारून ठेवली. विकत घेणाऱ्याला तो फोनवर एक नंबर द्यायचा. तो नंबर न घालता वापरलं, तरी सगळं चालायचं. फक्त कागद छापून आला की निमंत्रकांच्या यादीत, सगळ्यात शेवटी, एक जादा नाव! कुणाचं नाव घालावं? शेजारी त्याचे मामा चहा पीत बसले होते. त्यांचंच घातलं, गावासकट — श्री. आत्माराम लिंबाजी शेडगे, फलटण.

हे मामा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरात कधी कार्य निघायचं नाही, म्हणून कुणाच्या कार्याचं बोलावणं यायचं नाही. लोक वाईट नसतात हो. यादी करताना राहून जातं, एवढंच.

वसंताचा हिशेब सरळ होता. लोक छापखान्यात जाऊन भांडतील, 'हा शेडगे कोण?' आणि छापखानेवाले मुकाट येऊन प्रोग्राम विकत घेतील. पण आपली माणसं त्यानं ओळखली नव्हती. मुलीच्या बापानं नाव वाचलं, बायकोला विचारलं, "हे शेडगे कोण गं?" ती म्हणाली, "मुलाकडचे असतील, विचारू नका, अपमान होईल." मुलाच्या घरी हाच प्रश्न. "मुलीकडचे असतील. मोठे दिसतायत. विचारू नका." संपलं! आणि छापखानेवाले तरी तक्रार कुणाकडं करणार? चोरलेलं घड्याळ मागं पडतं, म्हणून चोर चौकीवर जातो का?

बरं, नाव निमंत्रकांत आहे म्हटल्यावर त्यांच्या घरी पत्रिका द्यायला नको? दिली. मामांनी आपल्याच नावाचं निमंत्रण उघडलं, दोनदा वाचलं, सदऱ्याला इस्त्री केली आणि गेले! तिथं त्यांना टोपी, टॉवेल, नारळ. पहिल्या पंगतीला पाट. मग काय, दर मोसमाला पत्रिकांवर पत्रिका. यावर माझी स्वतःची एक साकी आहे. जुळली नाही, तर दोष पेटीवाल्यांचा —

*नाव ठाव ना नाते ज्याचे, पंगतीस तो मानकरी।*
*यजमाना तो वाटे पाहुणा, पाहुण्यास यजमान घरी॥*

लोणंदच्या एका लग्नात विहीणबाईंच्या ताटात जिलेबी गार पडली. झालं! विहीणबाई उठल्या, मुलाकडचे उठले, टेम्पो सुरू झाला. मामा पुढं झाले. मुलीकडच्यांच्या वतीनं त्यांनी विहीणबाईंना हात जोडले. मग मांडवाच्या मागं जाऊन मुलाकडच्यांच्या वतीनं मुलीच्या बापाला हात जोडले. दोघांनाही पटलं, कारण दोघांनाही वाटत होतं, हा म्हातारा समोरच्यांचा! तेव्हापासून बोलबाला झाला — पत्रिकेत शेडगेमामांचं नाव असलं, की लग्नात भांडण होत नाही.

तुम्ही म्हणाल, बुवा, असं कुठं होतं का? हे बघा, हातात तुमच्याच उत्सवाचं पत्रक आहे. निमंत्रकांत शेवटचं नाव वाचू का? कार्यवाह हात जोडतायत. बरं, घडी घालतो.

अशी आठ वर्षं गेली. वसंताच्या संसाराची मात्र ओढाताण. पाच तालुके त्याच्या प्रोग्रामवर लग्नं लावतायत आणि त्याची बायको शालन शिवणकाम करून घर चालवतेय. शेवटी वसंत आणि त्याच्यासारखे चार-पाच प्रोग्रामवाले एकत्र आले. त्यांनी ठरवलं, कॉम्प्युटरच्या आतच दुकान काढायचं. नाव 'मांडणी' — आपल्या स्वयंपाकघरात भांड्यांची असते ना, ती. शटर नाही, पायरी नाही, चपला चोरीला जायची भीती नाही! पडद्यावर प्रोग्राम ओळीनं मांडलेले. दूध डेअरीचा, शाळेच्या निकालाचा, लग्नपत्रिकेचा. निवडा, पैसे भरा, प्रोग्राम तारेतून तुमच्या टेबलावर. आणि ज्या टेबलावर उतरला, तिथंच चालणार. 'बघायला नेतो' बंद!

उद्घाटन अक्षय तृतीयेला, नगर वाचनालयाच्या सभागृहात. पाच तालुक्यांतल्या छापखानेवाल्यांना आमंत्रण. वसंताच्या मनात मात्र वेगळंच. मामांच्या ट्रंकेत आठ वर्षांच्या पत्रिका होत्या, आणि पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव असतंच! सगळ्यांच्या देखत एकेकाची चोरी पडद्यावर दाखवायची आणि मग दुकान उघडायचं. आदल्या दिवशी तो ट्रंक मागायला गेला.

मामांनी विचारलं, "मग आता सगळे खराच प्रोग्राम घेणार?"

"घ्यावाच लागेल, मामा."

"खऱ्यात माझं नाव येत नसेल."

"कशाला येईल?"

"बरं," म्हणाले मामा, आणि किल्ली दिली. "वेळेवर सांगितलंस. या मोसमाला नवं धोतर घेणार होतो."

वसंत ट्रंक घेऊन निघाला. त्याला काही कळलं नाही. सोबत आलेली शालन दारात उभी होती, तिला कळलं. रस्त्यात ती म्हणाली, "तुम्ही चोर पकडताय खरं. पण म्हातारा उद्यापासून जेवणार कुणाच्या पंगतीत?" वसंत ट्रंक घेऊन तसाच चालत राहिला. आठ वर्षांचा राग असा एका वाक्यानं उतरत नाही, मंडळी.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. नारळ फुटला. वसंतानं पहिली पत्रिका पडद्यावर लावली. मग दुसरी. मग दहावी. प्रत्येकीत शेवटी आत्माराम लिंबाजी शेडगे, आणि तळाशी छापखाना. सभागृहात जो तो आपल्या नखांकडं बघायला लागला. एवढं नखांचं निरीक्षण फलटणमध्ये कधी झालं नव्हतं!

मग इस्माईलभाई तांबोळी उठले. सगळ्यात जुना छापखाना त्यांचा. म्हणाले, "करपे, चोरी केली. कबूल. तुमच्या घरच्यांच्या तोंडचं खाल्लं, त्याची लाज वाटते. पहिलं गिऱ्हाईक मी. पण एक सांगा, खऱ्या प्रोग्राममध्ये मामांचं नाव येतं ना?"

"नाही येत. तेच तर सांगतोय, ती चोरीची खूण—"

"मग मला चोरीचाच राहू द्या," इस्माईलभाई म्हणाले. "गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. मामांचं नाव नसेल तर लोक शेजारच्या छापखान्यात जातात."

शेजारचा म्हणाला, "आणि माझ्याकडंही नसेल तर?" सगळे हसले. पण विकत कुणी घेईना! दुकान उघडं, माल मांडलेला, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, आम्हाला खोट काढलेला माल नको. वसंत घामाघूम. आठ वर्षांनी हातात आलेला घास, तोही चालला.

शेवटच्या रांगेत मामा उठून उभे राहिले. "वसंता, विक तू. माझं काय एवढं," म्हणाले आणि दाराकडं निघाले. वसंतानं त्यांना पाठमोरं जाताना बघितलं. तेव्हा त्याला शालनचं बोलणं समजलं. "मामा, पाच मिनिटं बसा," म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत कॉम्प्युटरसमोर बसून खटखट सुरू केली. पाचाची पंचवीस झाली. पण शुभमंगलच्या पडद्यावर एक नवी चौकट आली: 'आत्माराममामांना बोलवायचं आहे का? आधी त्यांना स्वतः विचारा.' खाली मामांचा फोन नंबर.

इस्माईलभाईंनी तिथल्या तिथं पैसे भरले. 'मांडणी'तला पहिला प्रोग्राम विकला गेला. आणि फोन न करता ते तसेच शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले.

"मामा, पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा निकाह आहे. पत्रिकेत तुमचं नाव घालू का?"

मामा गोंधळून उठून उभे राहिले. सवयीनं त्यांनी विचारलं, "कुणाकडचा म्हणून यायचं?"

"आमच्याकडचा," इस्माईलभाई म्हणाले.

मामा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले. आठ वर्षं शंभर मांडवांत ते समोरच्यांचे म्हणून जेवले होते. आमचे म्हणून कुणी बोलावलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता प्रश्नाचं उत्तर. चोरीतून पुण्य घडलं का? पंगत घडली मंडळी, पाट घडला. पुण्य मात्र इस्माईलभाईंनी पैसे भरले आणि जाऊन विचारलं, तेव्हा झालं.

आणि आता तुमच्याकडं वळतो. आत्तापर्यंत वसंताला हसलात, छापखानेवाल्यांना हसलात. तुमच्या घरी कार्य निघालं की यादी करता. त्यात एक नाव असं येतं, की तुम्ही म्हणता, 'त्यांना धाकट्यानं सांगितलं असेल.' धाकटा म्हणतो, 'थोरल्यानं सांगितलं असेल.' तो माणूस घरी इस्त्रीचा सदरा घालून बसतो, आणि संध्याकाळी काढून ठेवतो. कोण ते मी सांगायला नको. तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय, नाव आठवलंय.

आरती होईल, प्रसाद मिळेल. मग घरी जाताना त्याच्या दारावरून जा. आणि दार उघडल्यावर 'सहज आलो होतो' म्हणू नका. बोलवायला आलो, म्हणा.