आवाजाचं फोल्डर

रजनी : एकच्या आत होईल ना गं? ते जैनाबादला गेलेत, बहिणीला बारशाचं सांगायला. एकला परत येतो असं पाटीवर लिहून गेले.

स्नेहल : काकू, आताशी मशीन चालू झालंय माझ्या पेनड्राइव्हवरून. आत तर बघू द्या. अरे बाप रे!

रजनी : काय झालं?

स्नेहल : सी ड्राइव्ह पूरा फुल आहे. एक फोटो ठेवायला पण जागा नाही. इतकं काय टाकता यात?

रजनी : आम्ही काय टाकणार बाई? मी तर काढूनच राहिली. पहिले पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ काढले, अमोलच्या. मग कविताच्या कॉलेजचे फोटो. दर वेळी वाटे, चला, झालं रिकामं. दोन दिवस गेले की पुन्हा तीच लाल पट्टी. जागा नाही, जागा नाही.

स्नेहल : थांबा. सापडलं. हे बघा, ही विंडोजची टेम्पची, म्हणजे तात्पुरत्या फायलींची जागा. सगळ्या एकसारख्या फायली. एक हजार तीनशे नव्वद! प्रत्येक शंभर एमबीची.

रजनी : कोणी टाकल्या?

स्नेहल : कोणी नाही. मशीननंच. म्हणजे कसं आहे काकू, मशीन आपल्या कामाची नोंद लिहीत राहतं. नोंद फार मोठी झाली की तिचं गाठोडं बांधून बाजूला ठेवतं. तुमच्याकडे ते गाठोडं बांधलंच जात नाही. अर्धवट बांधतं, टाकून देतं, वीस मिनिटांनी पुन्हा बांधायला बसतं. रात्रंदिवस हेच.

रजनी : म्हणजे आमच्या फोटोंनी, व्हिडिओंनी भरलं नव्हतं?

स्नेहल : बिल्कुल नाही. सिस्टीमच्या फायली आहेत सगळ्या. मूळ नोंद काढली, ही गाठोडी काढली की दहा मिनिटांत साफ. टेन्शन नका घेऊ.

रजनी : मग मी जे काढलं ते उगाच काढलं?

स्नेहल : हो, पण लग्नाचे व्हिडिओ अमोलदादांकडे असतीलच ना.

रजनी : ते नाही गं. दार लोटून घे जरा. आत कविता बाळाला घेऊन निजली आहे.

स्नेहल : काकू, काय झालं?

रजनी : मंगळवारी मी अजून एक फोल्डर काढलं. ते फिरायला गेले होते. चार दिवसांपासून मशीन अडकत होतं. ते टाइप करायचे अन् आवाज निघायचा नाही. भाजी अळणी झाली हे सांगायला माणूस पाच मिनिटं बटणं दाबतो, अन् मशीन नुसतं गोल गोल फिरतं. टेबलावर हात आपटला त्यांनी. मला बघवेना. म्हटलं, सगळ्यात मोठं काय आहे ते काढून टाकू.

स्नेहल : काय होतं त्यात?

रजनी : नाव इंग्रजीत होतं, नुसते आकडे. मला काय कळणार? तीन जीबी. काढलं, कचऱ्याची टोपली पण खाली केली. रात्रभर मशीन चालूच होतं. सकाळी बंद पडलं ते पडलंच. अन् मग बुधवारी कविता म्हणते, आई, बारशाला आबांचा आवाज लावायचा हं, त्या आकड्यांच्या फोल्डरमध्ये आहे.

स्नेहल : आबांचा आवाज? म्हणजे काकांचा?

रजनी : दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, आठ दिवस आहेत. अमोलनं हे मशीन लावून दिलं. ते आठ दिवस बोलत बसले. दूध घे. दार लाव. रजनी, चष्मा कुठे ठेवला? गल्लीतल्या लोकांची नावं. चारशे बारा वाक्यं. त्यातलं काही टाइप केलं की त्यांच्या आवाजात निघतं. बाकीचं तो मशीनमधला बाप्या बोलतो. अन् एक त्यांनी नातवंडासाठी बोलून ठेवलं होतं. तेव्हा कविताचं लग्न पण झालं नव्हतं.

स्नेहल : आणि बारसं कधी आहे?

रजनी : परवा.

स्नेहल : काकांना माहीत आहे?

रजनी : मशीनच बंद आहे, कसं माहीत होणार? तीन रात्री मी डोळा मिटला नाही, स्नेहल. परत येतं ना ते?

स्नेहल : खरं सांगू का? डिलीट केलं की फाइल लगेच जात नाही, फक्त तिची जागा रिकामी धरली जाते. पण रात्रभर ही गाठोडी त्याच जागेवर बसत राहिली. जेवढ्या वाचल्या असतील तेवढ्या काढू. आता साफसफाई नंतर. पहिले शोधायला लावते. अर्धा तास तरी जाईल.

रजनी : अर्धा तास? साडेबारा झाले.

स्नेहल : लावलंय, काकू. आता याला हात नाही लावायचा. कोणाच्याच बोलण्यानं हे लवकर होत नाही.

रजनी : किती टक्के झाले?

स्नेहल : तीन.

रजनी : ते आले तर सांगशील, पार्ट आणायचा आहे म्हणून?

स्नेहल : काकू, मी खोटं नाही बोलणार. पण माझ्या तोंडून काही निघणार पण नाही.

(एक वाजायला येतो. बाहेर ऑटो थांबते. फाटक वाजतं.)

रजनी : आलेच! आलात? भेटल्या का ताई? ही स्नेहल, बुधवारा मोहल्ल्यातल्या दुकानातली. पाटीवर काय लिहिलंत? ‘झालं का?’ होऊन राहिलं. तुम्ही हातपाय धुवा, पानं घेते.

स्नेहल : नमस्ते काका. बसा ना.

रजनी : आता काय? ‘काय बिघाड?’ अहो, मशीनच्याच फायलींनी जागा खाल्ली म्हणे. ही काढते. चला जेवायला. अहो, तिच्या डोक्यावर उभं नका राहू! काय लिहिता? ‘हे काय शोधते आहे?’

स्नेहल : काका, ते काकू सांगतील.

रजनी : जेवण झाल्यावर सांगते ना. निवेल सगळं. (नंदकुमार हातपाय धुवायला आत जातात.)

स्नेहल : झालं, काकू. सापडलेल्या पेनड्राइव्हवर उतरवते आणि मशीन साफ करून चालू करते.

रजनी : किती?

स्नेहल : सदतीस.

रजनी : चारशे बारापैकी?

स्नेहल : हो. आणि त्यातल्या काही अर्धवट आहेत. (थोड्या वेळानं नंदकुमार परत येतात.) बघा, चालू झालं मशीन. एकशे चाळीस जीबी रिकामी. काका, बसा. टाइप करून बघा.

नंदकुमार (टाइप करून, मशीनच्या आवाजात) : बोलतं आहे. शाबास. कविताला बोलव. बारशाचं लावून ऐकू.

रजनी : थांबा. तिला नका बोलवू. ते नाही आता यात.

नंदकुमार : काय नाही.

रजनी : तुमचा आवाज. मी काढला मंगळवारी. जागा व्हावी म्हणून. मला माहीत नव्हतं त्यात काय आहे. माहीत करून घ्यायला पाहिजे होतं. विचारलं नाही, उघडून पाहिलं नाही, टाकून दिलं.

नंदकुमार : सगळा.

रजनी : सदतीस राहिले.

नंदकुमार : तीन दिवस माझ्यासमोर जेवलीस. बोलली नाहीस.

रजनी : धीर झाला नाही. अहो, असे एका सुरात नका बोलू. रागवा. ओरडा माझ्यावर.

नंदकुमार : मी ओरडतो आहे.

रजनी : हो. हो.

नंदकुमार : पुन्हा ओरडतो आहे. ऐकू येत नाही तो माझा दोष नाही.

स्नेहल : काका, मी बाहेर थांबू का?

नंदकुमार : नको. काय वाचलं ते लाव.

स्नेहल : ही पहिली.

रेकॉर्डिंग : शेंगदाणे भाज जरा.

स्नेहल : ही दुसरी.

रेकॉर्डिंग : हिरामणला म्हणावं, शिडी परत दे.

नंदकुमार : शिडी त्यानं अजून दिली नाही.

रजनी : तुम्ही हसलात?

नंदकुमार : नाही. पुढचं लाव.

स्नेहल : ही मोठी होती बहुतेक. दीड मिनिटाची दाखवते, पण अकरा सेकंदच चालते.

रेकॉर्डिंग : हं. चालू झालं? लाल दिवा लागला का, रजनी? शेजारचे कापडाचे लूम बंद झाले ना? बरं. ए बाळा, मी तुझा आबा. तू...

स्नेहल : इतकीच आहे. पुढे नुसती खरखर.

रजनी : हेच ते. बारशाचं.

नंदकुमार : पुन्हा लाव.

स्नेहल : काका, कितीही वेळा लावलं तरी तितकंच आहे. सॉरी.

नंदकुमार : अमोल दोनदा म्हणाला होता, एक कॉपी बाहेर ठेवा. मी ठेवली नाही. हे त्याला सांगू नका.

रजनी : मी कविताला काय सांगू? ती उठेलच आता.

नंदकुमार : पुढे मी काय म्हणालो होतो. मला आठवत नाही. औषधं चालू होती. तुला आठवतं.

रजनी : मला? नऊ वेळा बोललात तुम्ही ते. कधी ठसका, कधी लूम सुरू, कधी डोळ्यांत पाणी. माइक माझ्याच हातात होता. न आठवायला काय झालं?

नंदकुमार : मग तू बोल.

रजनी : मी? लोकांसमोर?

नंदकुमार : इथं बोल. मुली, मोबाइलवर घे. आधी माझे अकरा सेकंद लावू. मग ती.

स्नेहल : घेते, काका. आणि तीन जागी कॉपी ठेवून देते. काकू, इकडे तोंड करा. हं, बोला.

रजनी : काय बाई. ए बाळा. आबा म्हणाले, तू अजून कुठंच नाहीस. तुझ्या आईचं लग्न पण ठरलं नाही. पण तू येशील तेव्हा माझ्याजवळ आवाज नसेल, म्हणून आधीच बोलून ठेवतो. मी पेपर मिलमध्ये तीस वर्षं कागद केला. तुझ्या वह्यांत माझा एखादा असेल, तर त्यावर नीट लिही. आणि तुझी आजी... हे राहू द्या.

नंदकुमार : बोल.

रजनी : तुझी आजी घाबरट आहे. तिच्याशी हळू बोलत जा. बस, इतकंच. आणि शेवटी म्हणाले, तू येशील तेव्हा येशील, घाई नाही.

नंदकुमार : चूक.

रजनी : काय चूक?

नंदकुमार : घाई नाही असं मी म्हणालो नसणार.

रजनी : नव्हतात म्हणाला. तुम्ही म्हणालात, लवकर ये. मला तेव्हा ते ऐकवत नव्हतं.

नंदकुमार : मग तसं म्हण.

रजनी : लवकर ये, बाळा.