हरेश्वर बॅकचे बूट

"हॅलो? … हॅलो! … हो, परळची गिरणी. हेडक्लार्क अप्पा बोलतोय… कोण? मोठ्यानं बोला… गणपतराव! अहो मग तसं सांगा ना, बोटकंपनीचे गणपतराव म्हणून. मला वाटलं, कुणी साहेब खाकरतोय."

गिरणीत टेलिफोन बसून वर्षही झालं नव्हतं. अप्पा ती नळी कानापासून चार बोटं लांबच धरत. चेहरा दिसल्याशिवाय माणूस किती खरं बोलतोय याचा अंदाज त्यांना येत नसे, आणि अंदाज घेण्यात तर त्यांची हयात गेली होती.

"हो, हो… सिंगापूरची आगबोट काल आली, ठाऊक आहे. आपला हरेश्वर त्याच बोटीनं यायचा होता ना… हो, तोच. शिवडीचा कोळी, आमच्या गिरणीच्या फुटबॉलचा बॅक. आता सिंगापूरच्या गोऱ्या क्लबाचा पगारी बॅक म्हणा… काय? कमी? काय कमी? … माणूस?"

"… नाही हो, गणपतराव. नीट मोजलंत का? … कप्तानानं स्वतः? … आणि डेकवर बूट… नुसते बूट? … जोडीनं, कठड्यापाशी. समुद्राकडे टोकं करून…"

अप्पांनी भिंतीला पाठ टेकली.

"हळू बोला… अहो, तुमचा आवाज माझ्याच कानात येतोय हे कळतं मला, तरी हळू बोला! त्याची आई इथं फाटकावर मासळी विकते. जाईबाई… तिला मी काय सांगू? … दुःखी होता? कोण म्हणतं? … कप्तानाला काय कळतंय! … हो, ऐकलंय मी, पहिल्याच सामन्यात त्यानं आपल्याच गोलात चेंडू मारला. जन्मभर अनवाणी खेळलेल्या पोराला बूट चढवल्यावर दुसरं काय होणार? पण पुढं? दोन हंगामांत गेला कोणी गोरा त्याला चुकवून? … अहो, तो चेंडूमागं धावतच नाही. कोळी समुद्रात डोल लावतात ना, ते मोठं जाळं? ते कुठं मासळीमागं पळतं? मासळीच येऊन शिरते त्यात. तसा उभा राहतो हा… राहायचा…"

"थांबा जरा… कोण ते? … आत्ता नको, जाईबाई, मी यंत्रावर आहे… सरंगा? मी कुठं मासळी सांगितली होती? … खुशीचा? कसली खुशी? … कोण आला? … कधी? … गणपतराव, धरून ठेवा, सोडू नका! … कोणाच्या होडीनं? … थोरल्या महादेवच्या!"

"गणपतराव! अहो ऐका ना… आधी ऐका! मेला नाही तो. काल रात्री घरी जेवला… थट्टा नाही हो, त्याची आई उभी आहे समोर. तुमची आगबोट काल गोदीत शिरायला भरतीची वाट पाहत थांबली होती ना? बरोबर. तेवढ्यात ह्याला थोरल्या भावाची होडी दिसली. शीड ओळखलं… ओळखणार नाही? दोघांनी मिळून शिवलंय. हाक मारली, दोर धरून खाली उतरला आणि गेला भावाबरोबर शिवडीला… कोणाला सांगून म्हणजे? भावाच्या होडीत बसायला कोळी कप्तानाची परवानगी घेईल? … बूट? अहो, तेच तर! पायतण घालून कोळी होडीत पाय ठेवत नाही. आपण जातो का देवळात जोडे घालून? … हो, जोडीनं. वळण आहे पोराला… आणि दोन्ही हातांत दोर, बूट काय दातात धरणार? … हो हो, तुमची वजाबाकी बरोबर आहे. वजा झालेला असामी शिवडीत जमा आहे, एवढंच."

अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. नळी आता कानाला घट्ट लागली होती.

"काय? … तार? क्लबाला? 'तुमचा बॅक बुडाला' म्हणून? … अहो, थांबवा ती! त्या जागेवर पलटणीतला एक सार्जंट टपून बसलाय. तार पोचली की तो मैदानात उभा. मग हा जिवंत असला काय नि नसला काय, कोण विचारतो? … निघाली? कोण घेऊन गेलाय? … धोंडू? तुमचा धोंडू शिपाई? … मग धीर धरा. जिन्यात डोकावून पाहा… अहो, धोंडू निघाला म्हणजे निघायला लागला. आधी पागोटं, मग तंबाखू, मग भेटेल त्याच्या पोराबाळांची चौकशी… जा, जा. मी धरतो."

टेलिफोनची तार नुसती गुणगुणत राहिली. जाईबाई पाटीवरच्या माश्या हाकत उभी होती. आपला मुलगा मघाशी काही वेळ मेलेला होता याची तिला कल्पना नव्हती, आणि अप्पांना ती द्यायचीही नव्हती.

"हं, बोला… जिन्यातच? … हसताय काय, तार हातात आली का ते सांगा… फाडलीत? … आणखी एकदा फाडा… हुश्श!"

"आता काय? … कप्तानाला पटत नाही? समोरच बसलाय? क्लबाचा निरोपही त्याच्याजवळच आहे? … मग द्या नळी त्याच्या हातात. मी माणूसच उभा करतो… जाईबाई, पोरगा कुठाय? फाटकावर? बोलाव त्याला, बोलाव! … ये रे. हे इथं कानाला लाव, आणि तिथं बोल. चावत नाही ते."

"हॅलो… येस सर, हरेश्वर… नो सर. नॉट डेड… सॉरी सर. ब्रदर्स बोट, सर… येस… नेक्स्ट सीझन?"

हरेश्वर थबकला. गोऱ्या फॉरवर्डांपुढं न हललेला तो गडी आईकडे पाहू लागला.

"आये, पुन्ना बोलावतान…"

जाईबाईनं त्याच्या हातातून नळी ओढून घेतली.

"ओ कप्तान! मी हरेश्वरची आय… नेतंस तर ने. पन पुनवेला नारळ दर्याला दिल्याबिगर नाय… आन् परत आणशील तवा शिवडीसमोर जरा थांब, हाक मार. आमी होडी घेऊन येताव. पोराला दोराला लोंबकळाया लावू नको… बूट तुज्याकडंच ठेव. होडीत नाय चालत."

तिच्या लेखी बोलणं संपलं. तिनं नळी पाटीत, सरंग्यावर, अलगद ठेवली आणि पदर सारखा केला. ती उचलून अप्पांनी उपरण्यानं पुसली.

"हॅलो? … मीच… नाही, लाईन गेली नव्हती. इतका वेळ तुम्ही सरंग्याशी बोलत होतात… कप्तानाला सांगा, आईचा होकार आहे… हो, बूट राहू देत… वास? अहो, तारेतून आवाज येतो, वास कसा येईल? … बरं बरं, कळलं. या संध्याकाळी जेवायला. ठेवतो."