स्वच्छ रिपोर्ट

किडनीच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या एका शिक्षिकाबाईंना कान टवकारायची गरजच नव्हती. शेजारच्या काकांचा आवाज साऱ्या बाकाला पुरत होता.

"पावडर घेतलीत का सकाळी?" काकूंनी विचारलं.

"घेतली की. अँटिऑक्सिडंट आहे ते. किडनीची गाळणी गंजत नाही त्यानं."

"मग मीही घेऊ का चमचाभर? पाय फार सुजतात हल्ली."

"तुला कशाला? चांगली धडधाकट आहेस. महागाची वस्तू, उगाच वाया जायची."

"बरं. लघवीची बाटली दिलीत ना तपासायला?"

"दिली. तुझीच दिली."

"सकाळी मला भरायला लावलीत ती?"

"हळू बोल जरा. माझ्या लघवीत प्रोटीन दिसलं की डॉक्टर सिगारेटवरून झापतात. या वेळी रिपोर्ट कसा स्वच्छ येतो बघ."

"आणि तुमची किडनी?"

"तिला पावडर आहे ना."

तेवढ्यात नर्स दारात आली. "काका, प्रोटीन मागच्यापेक्षा खूपच वाढलंय. डॉक्टरांनी लगेच आत बोलावलंय."

"घे. आता तुझ्यापायी मला बोलणी खावी लागणार."

काकूंनी सुजलेले पाय चपलेत कसेबसे कोंबले.

"अहो, पण आत जायचं कोणी?"