डब्याच्या पिशवीतला फोन

दवाखान्यात केसपेपर लिहिता लिहिता कंपाउंडरचे कान बाकावरच्या नवराबायकोकडे लागले होते. नवरा स्फोटकांच्या कोठारावर फाटकाचा पहारेकरी. दोन्ही तळपायांना फोड आलेले.

"अहो, मोठ्या साहेबांची गाडी अडवलीत?"

"सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी नव्हती. म्हटलं, गाडी बाहेर राहील, आपण चालत चला."

"अगंबाई! ऐकलं त्यांनी?"

"निमूट उतरले. लायटरही काढून घेतला मी. छाती अशी फुगली होती माझी! तेवढ्यात माझ्याच डब्याच्या पिशवीत मोबाइल वाजला."

"पिशवीत?"

"हो, पिशवीत! कोणी ठेवला?"

"तुम्ही घरी विसरून चालला होतात, म्हणून मी ठेवला."

"विसरत नाही गं, मुद्दाम घरी ठेवतो! कोठारावर मोबाइलला बंदी आहे. बारा वर्षं झाली मला तिथे!"

"नोकरीवर तर नाही ना आलं?"

"वाचलो थोडक्यात. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. कुंपणाभोवती दहा फेऱ्या मारायला लावल्या, तेही नव्या बुटांत."

"बाई गं!"

"आणि नेमका तेव्हाच फोन कशाला केलास?"

"पिशवीत मोबाइल ठेवलाय, हे सांगायला."