जुना सायलेन्सर

दिल्लीत मयूर विहारमधल्या कानाच्या दवाखान्यात समता नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक वयस्क जोडपं मराठीत बोलू लागलं, तसा तिनं मोबाइल बाजूला ठेवला.

“कान ठीक आहेत माझे, कौसल्या. मोटरसायकल जुनी झाली, कंपनीच्या सायलेन्सरमधून आवाजच येईना, म्हणून बाहेरचा बसवला.”

“अहो, मेकॅनिक म्हणत होता ना, ‘अंकल, पुरानावाला बिल्कुल ठीक है’?”

“असं कधी म्हणाला तो?”

“तुमच्या शेजारीच उभा राहून म्हणाला.”

“पण आता कसा छान, मऊ आवाज येतो.”

“मऊ! तुम्ही गेटपाशी आलात की चौथ्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येतात.”

“मला वाटलं, कौतुकानं बघतात.”

“आणि परवा अवनी मागे बसून सगळा रस्ता बोलत होती. काय बोलत होती?”

“कॉलेजचं काहीतरी. मी हो हो म्हणत होतो.”

“ती विचारत होती, ‘आजोबा, जुना सायलेन्सर परत बसवू या का?’ तीनदा हो म्हणालात. पोरगी खूश आहे.”



“नातीला शब्द दिलाय म्हणजे बसवावाच लागेल. फेकला नाहीस ना?”

“पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.”

“भाऊरावजी, अंदर आइए!” आतून हाक आली.

“चल, नंबर आला आपला.”

“अच्छा! ऐकू आलं तुम्हाला?”

“नाही. तू पर्स उचललीस.”